गाडी तापायची जागा

आमच्या बोरी बुद्रुकच्या घरात रोज दोन गोष्टी पुसल्या जायच्या, एक देव आणि दुसरी तात्यांची गाडी. देव आई पुसायची, गाडी तात्या पुसायचे, आणि देवांना लागणाऱ्या फडक्याच्या तिप्पट फडकं गाडीला लागायचं. काळीभोर, पोट सुटलेली, इंग्रजांच्या वेळची गाडी. पुण्यातल्या कुणा वकिलाच्या बंगल्यामागं ती आंब्याच्या झाडाखाली पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. तात्या गेले होते बी-बियाणं आणायला आणि आले ही गाडी घेऊन. आई पंधरा दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. पण तात्यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण तेवढा काळ ते गाडीखालीच होते. गाडीच्या सीटला उन्हात अजून कोंबड्यांचा वास यायचा. कुणी बाहेरचं माणूस नाक वाकडं करायला लागलं की तात्या म्हणायचे, "अस्सल चामडं हाय, त्येचा वास असा येतोच."

गाडीला खोड एकच होती, ती तापायची. चार कोस धावली की पुढून फुसफुस सुरू व्हायची, मग रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ, मग तात्या रस्त्याच्या कडेला घ्यायचे. डिकीत एक पोतं असायचं. ते ओलं करून, त्याची घडी झाकणावर दाबून, तोंड बाजूला करून तात्या झाकण जरा जरा फिरवायचे. एकदा पोतं न घेता घाई केली तर मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला होता. त्या डागाकडे बोट दाखवून ते आम्हाला सांगायचे, "तापलेल्या बाईच्या आन् तापलेल्या गाडीच्या टोपणाला हात लावू नये." आई आतून ओरडायची, "बाईला टोपण कुठं असतं वो?" असा आमचा संसार होता.

आईचं माहेर लोणी. महिन्या-दीड महिन्यानं आम्ही गाडीनं लोणीला जायचो. घोड नदी ओलांडली की लांबलचक चढ लागायचा, आणि तो चढ संपतो तिथं, रस्त्याला लागूनच, हौसाआत्याचं घर होतं. आत्या तात्यांची थोरली बहीण. आजी शेतावर गेली की हिनंच तात्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं. चांगली मिशी आलेल्या, पटका बांधणाऱ्या माझ्या बापाला ती अजून बाळू म्हणायची. आणि ह्या दोघांचं बोलणं बंद होतं.

कारण काय, तर गाडी. एका लग्नात तात्या भर मांडवात गाडीचं कौतुक सांगत बसले होते. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जिभेला हाड नसलेला माणूस. ते म्हणाले, "पावणं, तुमच्या गाडीपरीस आमची म्हस बरी. ती पाणी पिऊन निदान दूध तरी देती." अख्खा मांडव हसला. तात्या उठले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "दाजी, आजपासनं तुमच्या घराचा उंबरा मी चढणार न्हाई." झालं. मामाही काही कमी नव्हते. भाऊ येत नाही तर बहिणीनंही तिकडं जायचं नाही, असं त्यांनी आत्याला बजावलं. एका म्हशीपायी त्या बाईचं माहेर बंद झालं. आज हे लिहिताना मला हसू येतं, पण आत्याला तेव्हा हसू येत नव्हतं.

राहता राहिली गाडी. ती त्या चढावर तापायची आणि बरोबर आत्याच्या दारात टेकायची. विहीर रस्त्यालाच होती, म्हणजे उंबरा चढायचा प्रश्न नाही. तात्या उतरून बॉनेट उघडून उभे राहायचे. घरातून आत्या कळशी घेऊन लगबगीनं यायची आणि गाडीशी बोलायची. "काय गं, दमलीस व्हय? किती वाळलीयास! पोटभर खात न्हाईस का?" तात्या रेडिएटरकडे बघत मला म्हणायचे, "दत्तू, सांग, सगळं बरं हाय. जरा खोकला व्हता, गेला." मी सांगायचो. आत्या गाडीच्या मडगार्डावर ताटली ठेवायची. तिच्यात मासवड्या असायच्या, गरम, वरून तीळ-खोबरं दिसणाऱ्या. तात्या त्या गाडीच्या म्हणून खायचे. आई खाली उतरून "वन्सं" करत आत्याचा हात धरून उभी राहायची. गाडी निवेपर्यंत हे चालायचं, आणि गाडी निवायला भलताच वेळ लागायचा. मामा ओसरीवर पाठ करून तंबाखू मळत बसायचे.

इतकं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. पण मी तेव्हा आयटीआयला वायरमनचा कोर्स करत होतो, त्यामुळे मला वायर सोडून काही दिसत नव्हतं. खिशाला टेस्टर लावून मी जेवायलासुद्धा बसायचो. गावात कुणाचा बल्ब गेला तरी मी आधी मीटरपेटी उघडायचो, मग फ्यूज काढायचो, आणि सगळ्यात शेवटी बल्ब बघायचो. माझ्या डोक्यात आलं की गाडी तापते हा प्रश्न नाहीच. ती किती तापली हे आपल्याला कळत नाही, हा प्रश्न आहे. जुन्नरच्या पेठेत रसूलभाईंचं जुन्या मोटारींच्या सामानाचं दुकान होतं. तिथं मला काचेआड पांढरा काटा असलेलं गोल मीटर दिसलं. डावीकडे थंड, उजवीकडे लाल पट्टा. सोबत इंजिनात बसवायचा एक पितळी नट, त्याच्या डोक्यावर वायर जोडायची. रसूलभाई म्हणाले, "लई सोपं काम हाय, राव. एक वायर बॅटरीची, एक ह्या नटाची. नटाची वायर पत्र्याला लागली तर काटा एकदम लाल, सुटली तर एकदम थंड. मधलं जे काय हाय, ते इंजिन सांगंल." सोपं म्हटल्यावर माझा अपमान झाल्यासारखं वाटलं मला.

घरी आल्यावर मी अंगणात प्रयोगच लावला. बाजेवर मीटर, खाली बॅटरी, भोवती सगळं घर. आई घेवडा निवडत बसली होती. "आता बघा," मी म्हणालो आणि नटाची वायर बॅटरीला जोडलेल्या पत्र्याच्या तुकड्याला टेकवली. काटा झर्रकन लाल. काढली, काटा थंड. टेकवली, लाल. काढली, थंड. तात्यांनी कौतुकानं शेजारच्यांना हाक मारून बोलावलं आणि मला परत परत करायला लावलं. आईनं एकदाच विचारलं, "म्हंजी गाडी तापली नसली तरी त्यो लाल व्हणार?" मी म्हणालो, "आई, तसं करतं कोण? हे तुला कळायचं नाही." ती बरं म्हणाली आणि पुन्हा घेवडा निवडायला लागली.

बसवताना मी माझी सगळी अक्कल खर्च केली. आमच्याकडे पाइपलाइनची कामं घरचीच. पाइपाच्या आट्यांना धागा गुंडाळायचा आणि वर सफेदा चोपडायचा, म्हणजे थेंबभर पाणी गळत नाही, हे आमच्याकडचं रांगतं पोरही जाणतं. त्या पितळी नटाच्या आट्यांनाही मी धागा गुंडाळला, चांगला जाड, आणि वर बोटबोट सफेदा. गळतीचा प्रश्नच नको. वायर जरा तोकडी पडली, म्हणून डॅशबोर्डाखाली, आईच्या पायाजवळ, एक जोड दिला. तोवर चिकटपट्टी संपली होती. तिथं कोण हात लावायला जातंय, असं म्हणून तो जोड मी तसाच उघडा ठेवला.

पुढच्या फेरीला मी पुढच्या लांब सीटवर तात्या आणि आई यांच्या मधे बसलो, मीटरसमोर. नदी ओलांडली, काटा थंड. चढ लागला, काटा थंड. अर्धा चढ झाला तरी काटा जाग्यावरून हलला नाही, आणि मला तर वाटलं की नुसतं मीटर बसवूनच मी गाडी दुरुस्त केली. आत्याचं घर दिसायला लागलं. गाडीचा आवाज ओळखून ती कळशी घेऊन आधीच रस्त्यावर आली होती. तात्यांचा पाय ब्रेककडे गेला. मी म्हणालो, "तात्या, थांबायचं काही कारण नाही. काटा बघा, पाण्यासारखी थंड आहे." तात्यांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पोरगं शिकलंय असं सगळ्या गावाला सांगून बसलेला माणूस, आता काट्याला खोटं कसं म्हणणार? त्यांनी पाय उचलला. गाडी आत्याच्या पुढ्यातून गेली. मी मागं वळून बघितलं तर आत्या कळशी तशीच काखेत धरून उभी होती. आई खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, सगळे मीटरवर खूश आहेत.

पुढच्या माळावर, जिथं ना झाड ना विहीर, गाडीनं असा फुत्कार सोडला की बॉनेट उडतं की काय. काचेवर वाफ, तात्यांच्या पटक्यावर गंजाचं पाणी, आणि मी खाली उतरून काट्याकडे बोट दाखवत म्हणतोय, "पण थंड आहे! काटा थंड दाखवतोय!" तात्या माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की त्या काळात गाडी थोडी निवली असेल. मग म्हणाले, "तुझ्या काट्याला म्हणावं, आता पाणी घेऊन ये." गेलो मी. रिकामा डबा घेऊन माघारी आत्याच्या दारापर्यंत चालत.

आत्या विहिरीच्या कठड्यावर बसली होती. कळशी भरलेलीच होती. मला बघून तिनं तोंडावरून पदर फिरवला आणि विचारलं, "थांबला न्हाई रं तुझा बाप?" मी तिला मीटर समजावून सांगायला लागलो. बॅटरी, वायर, काटा. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी आता गाडी तापली न्हाई तर त्यो थांबणार न्हाई, असंच ना? मग कवा दिसायचा मला त्यो? सांग की. शिकलाईस ना तू?" तिनं चुंबळ केली, कळशी डोक्यावर घेतली आणि माझ्यापुढं चालायला लागली. उन्हात तेवढं चालून तिनं स्वतःच्या हातानं रेडिएटरात पाणी ओतलं. तात्या तिच्याकडे पाठ करून माळाकडे बघत उभे होते. गाडीला ती म्हणाली, "थांबत जा गं बाई. दार वलांडून जाऊ नको." आणि रिकामी कळशी घेऊन परत गेली. आईनं त्या दिवशी माहेरी नीट जेवण केलं नाही. लोणीच्या मामींनी चारदा विचारलं, तर म्हणाली, डोकं दुखतंय.

आता इथं शहाण्या माणसानं मीटर काढून विहिरीत टाकलं असतं. मी ते दुरुस्त केलं. धाग्यानं आणि सफेद्यानं नटाचा इंजिनाच्या लोखंडाशी संबंधच तोडला होता. पत्र्यातून जो प्रवाह परत जायचा तो जाणार कुठून? काटा बिचारा थंड राहणार नाही तर काय करणार. मी आटे घासून लख्ख केले, नट नुसता कसून बसवला, आणि काटा हलायला लागला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण झालेल्या शोभेची भरपाई म्हणून मी रेडिएटर खोलून त्यातला सगळा गाळ काढला. गाळ म्हणजे काय, अर्धं पातेलं भरून चिखल निघाला, आणि एक कोंबडीचं पीस. त्यानंतर ती गाडी तापायचीच बंद झाली. चढ चढून गेली तरी काटा निम्म्याच्या खाली. माझ्या हातून आयुष्यात जी थोडी कामं चोख झाली त्यातलं हे पहिलं, आणि ते नेमकं इथं व्हावं!

माझ्या मुलाची आत्ताची गाडी कधीच तापत नाही. बोरीहून निघून पुण्यात जाईपर्यंत तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. वाटेत माझ्या स्वतःच्या बहिणीचं घर लागतं, ते डावीकडून निघून जातं, आणि मी म्हणतो, येताना थांबू. येताना उशीर झालेला असतो.

असो. दुरुस्तीनंतरच्या फेरीला मी पुन्हा मधे बसलो. काटा निम्म्याच्या खाली होता आणि मी तो दर वळणाला मोठ्यानं वाचत होतो, कुणी विचारलं नसताना. आत्याच्या घराचं कौल दिसलं, आणि अहो आश्चर्य, काटा झर्रकन लाल! तात्यांनी असा ब्रेक मारला की माझं नाक मीटरवर आपटलं. "तापली! तापली गं, तापली!" ते ओरडले, आणि गाडी तापल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आत्या धावत आली. तिनं कळशी ओतली तर सगळं पाणी वरूनच वाहायला लागलं, कारण रेडिएटर काठोकाठ भरलेलं. ती ओतत राहिली. पाणी तिच्या पायांवरून, तात्यांच्या चपलांवरून वाहत रस्त्यावर गेलं. मी म्हणालो, "आत्या, आत जागाच नाही! भरलेलं आहे!" आई गाडीतून म्हणाली, "दत्तू, गप बस." आत्या म्हणाली, "तहानलेलीला पिऊ दे की रं." आणि दुसरी कळशी आणायला गेली.

मग माझं नवीनच सुरू झालं. काटा फक्त त्याच जागी लाल का होतो? जुन्नरला जाताना नाही, येडगावला धरणावर नेली तेव्हा नाही, फक्त लोणीच्या वाटेवर, फक्त आत्याच्या दारात. आणि तेही आई गाडीत असली तरच, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी म्हणायचो, चढानं बॅटरीतलं ॲसिड मागं सरकत असेल. मी म्हणायचो, तिथल्या जमिनीत लोखंड असेल. आयटीआयच्या सरांना विचारलं, तर सरांनी माझ्याकडे बघून हजेरीपटात डोकं घातलं. नट बदलला, बॅटरीची टोकं घासली, मीटर खोलून परत लावलं. दर फेरीला काटा तिथं लाल व्हायचाच. मासवड्या पुन्हा मडगार्डावर यायला लागल्या. आत्यानं रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली एक बाजही आणून टाकली, गाडी निवेपर्यंत गाडीच्या माणसांना बसायला. तात्या तिच्यावर बसायचे नाहीत, टेकायचे.

शेवटी एकदा वायर चाचपत चाचपत मी आईच्या पायाजवळच्या त्या उघड्या जोडापर्यंत पोचलो. सापडलं! गाडी हादरली की जोड पत्र्याला लागतो आणि काटा लाल होतो. एवढं साधं! मी त्याच्यावर चिकटपट्टीचे असे वेढे दिले की जोड लिंबाएवढा झाला. जेवताना तात्यांना छाती काढून सांगितलं, "आता काटा खोटं बोलणार नाही." तात्यांचा घास हातातच राहिला. आई भाकरी थापत होती, ती थापायची थांबली आणि परत थापायला लागली. तात्या म्हणाले, "बरं झालं."

पुढच्या फेरीला भाऊबीज जवळ आली होती. आईनं मांडीवर एक पिशवी घट्ट धरलेली, तिच्यात आत्यासाठी घेतलेलं हिरवं लुगडं. देणार कसं, तर गाडीनं दिलं म्हणून. चढ लागला. काटा निम्म्याच्या खाली. तात्या काट्याकडे बघत होते, रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त. घराचं कौल दिसलं, आणि मला खाली कसलंतरी खसखस घासल्यासारखं ऐकू आलं. मी वाकून बघितलं. आई गाडीत चप्पल काढून बसायची. तिचा डावा पाय डॅशबोर्डाखाली होता, आणि पायातली चांदीची जोडवी ती माझ्या चिकटपट्टीवर घासत होती. जोराजोरानं, ओठ आवळून. एका बाजूला पत्रा, एका बाजूला माझा जोड, मधे आईची जोडवी. अंगणातला माझा प्रयोग, माझ्यापेक्षा नीट पाठ केलेला.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. "कुणी सांगितला व्हता तुला शहाणपणा?" ती इतक्या हळू म्हणाली की इंजिनाच्या आवाजात मला ते ओठांवरून कळलं. बाहेर आत्या रस्त्यावर आली होती, काखेत कळशी. गाडी काही थांबायला तयार नव्हती, कारण काटा निम्म्याच्या खाली होता. माझा काटा. मी काहीतरी पडल्यासारखं करून खाली गेलो, डोकं आईच्या गुडघ्यात, आणि दातांनी ती चिकटपट्टी फाडली. सफेदा परवडला, असली चव होती तिची. जोड मोकळा झाला तसा आईनं माझ्या बोटांवरच पाय दाबला. वर तात्यांचा आवाज आला, "तापली! दत्तू, तापली बघ!"

गाडी आत्याच्या दाराच्या थोडी पुढं जाऊन थांबली. मी सीटखालून वर आलो तेव्हा तात्या उतरून बॉनेट उघडत होते. आणि मी पहिल्यांदाच काट्याकडे न बघता माझ्या बापाकडे बघितलं. पोतं डिकीतच होतं, घडी घातलेलं, कोरडं ठणठणीत. तात्यांनी भाजल्याचा डाग असलेला तो हात पुढं केला आणि उघड्या हातानं, सावकाश, मडक्यावरचं झाकण काढावं तसं रेडिएटरचं झाकण काढलं. हात भाजला नाही, वाफ आली नाही. मग मला आठवलं की दुरुस्तीनंतरच्या इतक्या फेऱ्यांत एकदाही त्यांनी पोतं बाहेर काढलं नव्हतं.

आत्या धापा टाकत आली. कळशी तिच्या हातातून घेताना तात्यांनी ह्या वेळी मला काही सांगायला लावलं नाही. गाडीकडेही बघितलं नाही.

"लई तापली गं, आक्का," ते म्हणाले.

आत्याच्या हातून कळशी कलंडली. निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर, निम्मं रस्त्यावर. ती पदरानं तात्यांच्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "तापू दे, बाळू. तू बस."

आणि तात्या बाजेवर बसले, पाय वर घेऊन, मांडी घालून.